फाट्यापर्यंतच

तिकिटावर एवढंच लिहिलं होतं : 'सपोर्टेड नेटवर्क्सच्या टूलचं डॉक्युमेंटेशन. अंदाजे वेळ : अर्धा दिवस.' आमच्या धंद्यात कामाच्या नोंदीला तिकीट म्हणतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते माझ्या नावावर पडलं, तेव्हा कुणी लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. डॉक्युमेंटेशन हे आमच्याकडे भांडी घासण्यासारखं काम आहे. करायला हवं हे सगळ्यांना मान्य असतं आणि आपल्या वाट्याला आलं नाही म्हणजे सगळ्यांना बरं वाटतं. मी मराठी शाळेतून आलेली, वाचणारी, कधीमधी लिहिणारी. त्यामुळे 'हिला लिहायला आवडतं' असा एक समज टीममध्ये रुजलेला आहे. अशी तिकिटं मग माझ्याकडेच घरंगळत येतात.

टूल खरोखरच साधं होतं. त्याला काही द्यावं लागत नाही. हाक मारली की ते एक यादी परत करतं : आपली सेवा कोणकोणत्या ब्लॉकचेन नेटवर्कवर चालते. तेरा नावं. कोड जेमतेम ४० ओळींचा.

अर्ध्या दिवसाचं ते काम मला तीन आठवडे पुरलं. त्यातला बहुतेक वेळ एकाच शब्दापाशी गेला : 'सपोर्टेड'.

*

आधी थोडं पार्श्वभूमीचं सांगते. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली एक खातेवही. एकदा नोंद झाली की खोडता येत नाही. इथेरियमची वही जुलै २०१५ मध्ये उघडली. पुढे तिच्याच नियमांनी चालणारी इतर नेटवर्क आली : पॉलिगॉन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस. प्रत्येकाची वही वेगळी, पण पत्ता लिहायची पद्धत एकच. शून्य, एक्स आणि पुढे ४० चिन्हं. त्यामुळे माझा इथेरियमवरचा पत्ता आणि पॉलिगॉनवरचा पत्ता अगदी शेवटच्या चिन्हापर्यंत सारखा असू शकतो. पैसे मात्र ज्या वहीत लिहिले त्याच वहीत राहतात.

आता एजंट. एजंट म्हणजे भाषेचं मॉडेल आणि त्याच्या हाती दिलेली काही टूल्स. 'अमक्याला २५ डॉलर पाठव' असं साध्या भाषेत सांगितलं की कोणतं टूल कधी वापरायचं हे तो स्वतः ठरवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला आणि अशी टूल्स एजंटपुढे मांडायची एक सामाईक रीत रूढ होत गेली. या रीतीत एजंटला टूलच्या आतला कोड दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला काय द्यायचं याचा साचा.

मी आजवर लिहिलेलं डॉक्युमेंटेशन माणसांसाठी होतं. माणूस ते सहसा वाचत नाही. वाचलंच तर अर्धं वाचतो, शंका आली की चॅटवर विचारतो, नाहीतर करून बघतो. इथे वाचणारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, प्रत्येक वेळी नव्याने वाचणार होता आणि वाचलेल्यावर विश्वास ठेवून लगेच कामाला लागणार होता. लेखकाला असा वाचक मिळणं म्हणजे भाग्यच, असं मला सुरुवातीला गमतीने वाटलं होतं.

पहिला मसुदा मी मॉडेलकडूनच लिहून घेतला. आजकाल सगळेच घेतात. इंग्रजीत दोन गुळगुळीत वाक्यं आली. मराठीत सांगायचं तर : 'आमच्या सेवेची सपोर्टेड नेटवर्क्स देते. इथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम, बेस इत्यादी सर्व प्रमुख नेटवर्क्सचा यात समावेश आहे.' वाचायला छान होतं. मी एक स्वल्पविराम बदलला आणि पुढे पाठवलं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

*

चौथ्या दिवशी आम्ही शेवटची चाचणी घेतली. ही चाचणी खऱ्या नेटवर्कवर, खऱ्या पण थोड्या पैशांनी घेतात. एजंटला सांगितलं : आमच्या टीमच्या वॉलेटवर आर्बिट्रमवरून २५ यूएसडीसी पाठव. यूएसडीसी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं. २५ म्हणजे दोन हजार रुपयांहून थोडं जास्त.

एजंटने आधी माझं टूल वापरलं. यादीत आर्बिट्रम होतं. त्याने पैसे पाठवायचा प्रयत्न केला आणि त्रुटी आली, कारण आर्बिट्रमवर आमची सेवा तेव्हा फक्त शिल्लक वाचू शकत होती. पाठवण्याचं काम अजून व्हायचं होतं. टीममधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि यादीत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माणूस असता तर इथे थांबला असता, वैतागला असता, कुणाला तरी फोन केला असता. एजंटने यादी परत वाचली. 'सपोर्टेड' नेटवर्कांमध्ये बेसही होतं आणि बेसवर चाचणीच्या खात्यात पैसे होते. पत्ता तोच चालतो हे त्याला ठाऊक होतं. त्याने बेसवरून, त्याच पत्त्यावर, २५ यूएसडीसी पाठवले आणि आम्हाला कळवलं : काम झालं. नेटवर्क बदलल्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता.

आमच्या टीमचं वॉलेट साधं नव्हतं. तीन जणांपैकी दोघांची सही लागते असं, म्हणजे ते स्वतःच नेटवर्कवर बसवलेला एक छोटा प्रोग्राम होतं, आणि तो फक्त आर्बिट्रमवर बसवलेला होता. बेसवर त्या पत्त्यावर कुणीच राहत नव्हतं. पैसे एका रिकाम्या प्लॉटवर जाऊन पडले. बेसवर त्याच पत्त्यावर तसंच वॉलेट उभारता येतं का, यासाठी दोघांनी अख्खा दिवस घालवला. आमचं वॉलेट ज्या जुन्या पद्धतीने बनवलं होतं, तिच्यामुळे ते जमलं नाही.

कुणी मला बोललं नाही. दोन हजार रुपयांसाठी कोण बोलणार? उलट एकाने हसून म्हटलं, "पोरगं हुशार आहे, वाट काढली त्यानं." मी मात्र माझी दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसले. एजंटने त्यांतल्या एकाही शब्दाचा वेडावाकडा अर्थ लावला नव्हता. मी 'सपोर्टेड' म्हटलं, त्याने ते खरं मानलं.

हा खड्डा आम्ही काही नव्याने शोधला नव्हता. २०२२ मध्ये ऑप्टिमिझमने विंटरम्यूट या व्यापारी कंपनीला २ कोटी ओपी टोकन दिले. कंपनीने दिलेला पत्ता इथेरियमवरच्या तिच्या बहुसही वॉलेटचा होता. ऑप्टिमिझमवर ते वॉलेट अजून उभंच नव्हतं. तिसऱ्याच कुणीतरी ऑप्टिमिझमवर त्या पत्त्यावर वॉलेट उभारलं आणि टोकन ताब्यात घेतले. पुढे त्यातले १ कोटी ७० लाख परत आले. हे प्रकरण वाचताना एका तपशिलाशी मी थांबले. मोठी रक्कम पाठवण्याआधी दोनदा थोडे टोकन पाठवून पाहिले होते आणि ते मिळाल्याचा होकारही आला होता. तिथे दोन्ही बाजूंना जाणकार माणसं होती. म्हणजे विचारूनही चुकता येतं. आमच्या एजंटने तर विचारलंही नव्हतं.

*

शनिवारी गावी गेले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. अण्णांची एसटीत ३१ वर्षं झाली. आधी कंडक्टर, मग बढती मिळून वाहतूक नियंत्रक. निवृत्त झाले त्याला आता पाच वर्षं होतील. लोक अजून त्यांना कंट्रोलर म्हणूनच ओळखतात. संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना मी त्यांना हे सगळं सांगितलं. ब्लॉकचेन वगैरे गाळून. एक यादी होती, यादीत नाव होतं, पण तिकडे पैसे जातच नव्हते, एवढंच.

"यादीत नाव कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं."

"तू जाऊन आलीस का तिकडं?"

मी गप्प बसले. खरंच गेले नव्हते. तेरा नावं कोडमध्ये होती, मी ती घेतली होती. त्यातल्या चारेक नेटवर्कांवर मी कधी एक पैसाही पाठवलेला नव्हता.

मग अण्णा स्टँडच्या पाटीबद्दल बोलायला लागले. गावांची नावं आणि गाड्यांच्या वेळा असलेली ती मोठी पाटी पेंटर रंगवायचा, अनेक वर्षांतून एकदा. ओढ्यापलीकडच्या एका वाडीचं नाव तिच्यावर होतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी वाडीत जायची नाही. फाट्यावर सोडायची, तिथून चार किलोमीटर चालायचं. पाटीवर मात्र बाराही महिने वाडीच. म्हणून अण्णा रोज सकाळी पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला पाण्याची खबर विचारायचे आणि पाटीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचे : 'फाट्यापर्यंतच'. मला तो फळा आठवतो. शाळा सुटल्यावर मी चौकशीच्या खिडकीमागे बसून गृहपाठ करायचे आणि खडूचे उरलेले तुकडे घरी न्यायचे.

"तरी लोक खिडकीशी यायचेच," अण्णा म्हणाले. "पाटी वाचून, फळा वाचून, वर विचारायचे, कंट्रोलरसाहेब, जाते ना वाडीला? आधी मला वाटायचं, वाचता येत नसेल. तसं नव्हतं. शिकलेली माणसंसुद्धा विचारायची." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या त्या एजंटानं विचारलं नाही का कुणाला?"

"कुणाला विचारणार अण्णा? तशी सोयच नाही."

"म्हंजे खिडकीच नाही," ते म्हणाले आणि कपबशी घेऊन आत गेले.

*

सोमवारी मी तिकीट पुन्हा उघडलं. मुदतीच्या जागी 'माहीत नाही' लिहिलं आणि तेरा नेटवर्कांवर एकेक करून जाऊन यायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी शिल्लक वाचायची, थोडी रक्कम पाठवायची, एका नाण्याचं दुसरं करून बघायचं. वहीत तीन रकाने आखले. तेरापैकी तिन्ही कामं होत होती अशी निघाली सात. चार ठिकाणी फक्त वाचता येत होतं. एका ठिकाणी पैसे जात होते पण अदलाबदल होत नव्हती. आणि एक नेटवर्क सरळ बंद पडलेलं होतं; कुणीतरी वर्षापूर्वी यादीत घातलेलं, कुणी काढलं नव्हतं.

ते बंद नेटवर्क होतं मुंबई.

टेस्टनेट म्हणजे सरावाचं नेटवर्क. तिथल्या पैशांना किंमत नसते. चुका करायच्या त्या तिथे कराव्यात. इथेरियमच्या टेस्टनेटना रेल्वे-मेट्रोच्या स्टेशनांची नावं द्यायची एक रीत पडून गेली आहे. रॉपस्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमची स्टेशनं, कोवान सिंगापूरचं, गोएर्ली बर्लिनमधल्या स्टेशनावरून, सेपोलिया अथेन्सचं. पॉलिगॉन हा २०१७ मध्ये मॅटिक नावाने भारतात सुरू झालेला प्रकल्प. त्याच्या टेस्टनेटचं नाव होतं मुंबई, क्रमांक ८०००१. २०२१ मध्ये हे सगळं मी शिकले ते मुंबईवरच. माझा पहिला व्यवहार, पहिली चूक, सगळं तिथलं. पुण्यात खोलीत बसून 'मुंबईला पाठवलं, पोचलं' असं मित्राला सांगताना मजा यायची. हे मुंबई नेटवर्क गोएर्लीला जोडलेलं होतं. गोएर्ली मोडीत निघालं, तसं एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद झालं. त्याच्या जागी आलं अमॉय, क्रमांक ८०००२. अमॉय हे चीनमधल्या शियामेन शहराचं जुनं नाव.

मी गंमत म्हणून आमच्या एजंटला यादीचं टूल न देता विचारलं : पॉलिगॉनचं टेस्टनेट कोणतं? त्याने ठामपणे सांगितलं : मुंबई, ८०००१. त्याने जे वाचून शिकला त्यात वर्षानुवर्षं मुंबईच लिहिलेलं असणार. दहा वर्षांनी गावी आलेला माणूस स्टँडवर उतरतो आणि कधीच बंद झालेल्या गाडीची वेळ आपल्यालाच सांगतो, तसं. ती गाडी त्याच्यापुरती अजून धावत असते. या टूलची खरी गरज मला तेव्हा कळली. एजंटच्या आठवणीतली पाटी जुनी आहे. आजचा फळा त्याला आमच्याकडूनच मिळायला हवा. आणि आमच्या फळ्यावरही मुंबईच होतं.

*

दुसरा मसुदा मी ३०० शब्दांचा लिहिला. टीम लीडने तो वाचून परत पाठवला. "एजंट हे दरवेळी वाचणार. प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात आपल्याला." त्याचं बरोबर होतं. शिवाय वर्णन लांबलं की मॉडेलचं लक्ष फाटतं, हेही आम्ही पाहिलेलं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. लिहायला आवडणाऱ्या माणसाला जी खोड असते, सगळं वाक्यात सांगायची, ती इथे उपयोगाची नव्हती.

मग बरंचसं वर्णनातून काढून यादीच्या आतच घातलं. प्रत्येक नावापुढे तीन खाती : वाचता येतं का, पाठवता येतं का, अदलाबदल होते का. हो किंवा नाही. सराव की खरं, तेही. मग नेटवर्कचा क्रमांक, कारण नावं बदलतात, क्रमांक टिकतात. पॉलिगॉन स्वतःच आधी मॅटिक होतं. त्याच्या नाण्याचं मॅटिक हे नावही सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून पोल झालं. क्रमांक १३७ तोच राहिला. या क्रमांकांमागे इतिहास आहे. २०१६ मध्ये इथेरियमची वही दुभंगून इथेरियम क्लासिक वेगळी झाली, तेव्हा एका वहीसाठी सही केलेला व्यवहार कुणीही उचलून दुसऱ्या वहीत टाकू शकत होतं, कारण सही दोन्हीकडे खरीच ठरायची. एकच चेक दोन बँकांत वटावा तसं. त्याच वर्षी सहीच्या आत नेटवर्कचा क्रमांक घालायची सोय झाली. इथेरियम १, क्लासिक ६१.

सोलानाला असा क्रमांक नाही. जुन्या कोडमध्ये तिथे शून्य भरलेला होता. माणूस तो शून्य पाहून 'नसेल काही' म्हणून पुढे जातो. एजंटने शून्य हाच क्रमांक समजून पुढच्या टूलला दिला असता. तिथे मी 'लागू नाही' केलं. शून्य आणि 'लागू नाही' यांत फरक करायला मला दोन बैठका लागल्या.

दशांश स्थळांचा रकानाही घातला. इथेरियमवर यूएसडीसी सहा दशांश स्थळांनी मोजतात. बीएनबी चेनवर त्याच नावाने फिरणारं, बायनान्सने त्याच्याशी बांधलेलं नाणं अठरा स्थळांनी. एका ठिकाणचा २५चा आकडा दुसऱ्या ठिकाणी तसाच वापरला तर पोचणारी रक्कम एका पैशाच्याही पासंगाला पुरणार नाही. उलट दिशेने चूक झाली तर काय, याचा विचार करून मी त्या रात्री उशिरा झोपले.

शेवटचा रकाना : शेवटचं कधी तपासलं, तारीख. लीड म्हणाला, "ही कोण भरणार?" मी म्हटलं, मी.

वर्णनात शेवटी पाच वाक्यं उरली. 'इत्यादी' काढलं, कारण त्या शब्दाची रिकामी जागा एजंट आपल्या आठवणीतून भरतो. 'प्रमुख' काढलं. पाचांपैकी तिसरं वाक्य असं : यादीत नाव असणं म्हणजे तिथे पैसे पाठवता येणं नव्हे, नावापुढचं खातं पाहा. चौथं : नेटवर्कांबद्दल आधी शिकलेलं काही वापरू नका, फक्त या यादीतलं वापरा. आणि पाचवं, ज्याच्यासाठी मी लीडशी सगळ्यात जास्त भांडले : सांगितलेल्या नेटवर्कवर काम होत नसेल तर स्वतः दुसरं निवडू नका, थांबा आणि वापरणाऱ्याला विचारा.

"एजंटनं विचारतच बसायचं तर एजंट कशाला?" लीडचा प्रश्न होता. त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी फक्त २५ यूएसडीसीचा तो व्यवहार उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो अजून तिथेच दिसतो, कुणीही पाहू शकतं.

चाचणी पुन्हा झाली. तीच आज्ञा, आर्बिट्रमवरून २५. एजंटने यादी वाचली आणि लिहिलं : आर्बिट्रमवर सध्या फक्त शिल्लक पाहता येते. बेसवर पाठवणं शक्य आहे, पण हे वॉलेट तिथे आहे की नाही मला माहीत नाही. काय करू?

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिकीट बंद झालं, पुढचं आलं. तीच आज्ञा शंभरदा दिली तर शंभरही वेळा तो थांबेल याची हमी मी देणार नाही. खडूने लिहिलेलंही पावसात पुसलं जायचं.

आता दर सोमवारी मी मीटिंगच्या आधी येते आणि यादीतल्या बारा नेटवर्कांवर एकेक फेरी मारते. थोडी रक्कम पाठवायची, पोचली की तारीख भरायची. २० मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात आर्बिट्रमचं दुसरं खातं 'नाही'चं 'हो' झालं. मी स्वतः पाठवून बघितलं, मग बदललं. अण्णांना फोनवर सांगितलं, गाडी आता वाडीत जाते. ते म्हणाले, "पाणी बघत राहा."

या फेरीचं तिकीट नाही.